आईची सुधारित आवृत्ती

महाडच्या अलीकडच्या वाडीत नीलाबाई मोठ्याने वाचायला बसल्या की भुंकणारी कुत्रीसुद्धा गप्प होतात, असं लोक म्हणायचे. कुत्र्यांचं खात्रीने सांगता येत नाही, पण बायका मात्र बोलायच्या थांबायच्या, आणि ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं लोटली होती, तरी आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा आणि तिथे बसून पेंगणाऱ्याला हलवून जागा करायचा. त्यामुळे वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, बुद्धविहारात रोज संध्याकाळी जे ग्रंथवाचन होई ते नीलाबाईंनीच करायचं, हे ठरून गेलेलं होतं. दुसऱ्या कोणी वाचलेलं वाडीला पचत नसे.

यंदा जरा घोटाळा झाला. बाईंच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढला होता, अक्षर कसं लख्ख दिसायला लागलं होतं, आणि त्या भरात पौर्णिमेला आठवडा बाकी असतानाच ग्रंथ संपला. समाप्तीची खीर तर पौर्णिमेलाच वाटायची. मधले दिवस रिकामं बसून काय करायचं?

तोड काढली अंगणवाडीच्या सरितानं. "बाई, आपल्या अश्वजित सरांची कादंबरी वाचूया ना. एवढं मोठं बक्षीस मिळालंय तिला, रविवारी महाडात सत्कार हाय. आपल्याच मान्साचं पुस्तक आनि आपल्यालाच म्हायती नाय आत काय हाय ते!"

अश्वजित म्हणजे नीलाबाईंचा एकुलता एक मुलगा. पुण्यात प्राध्यापक, आणि दोन वर्षांपासून कादंबरीकार. 'निखाऱ्यावरची पावलं' हे त्याच्या कादंबरीचं नाव. पुस्तक छापून आलं तेव्हा बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. तो म्हणाला होता, "आई, तू डोळ्यांना ताण देऊ नकोस." डोळे बरे झाल्यावर बाईंनी विषय काढला तर म्हणाला, "तुला झेपणार नाही गं. त्यात अनुभव आहेत." बाईंना वाटलं, वडील गेले त्याबद्दल लिहिलं असेल पोरानं. त्यांनी पुस्तकाला तपकिरी कागदाचं कव्हर घातलं आणि कपाटात ठेवून दिलं.

ते आता विहारातल्या पांढऱ्या कापडाच्या टेबलावर आलं. मलपृष्ठावर लेखकाचा दाढीवाला फोटो आणि खाली छापलेलं: 'यातला एकही शब्द काल्पनिक नाही. हे माझं रक्त आहे.' सरिताने ते आधी वाचून दाखवलं. मग बाईंनी पहिलं पान उघडलं.

"'माझ्या आईला अक्षर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं,'" नीलाबाईंनी खणखणीत आवाजात वाचलं. "'तिचा अंगठा तेवढा शिकलेला होता.'"

बाई थांबल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. वाक्य होतं तिथेच होतं.

वाचायला घेतलेला उतारा मध्येच सोडायचा नाही, ही नोकरीभराची सवय. बाई पुढे वाचत राहिल्या. कादंबरीतली आई पोलादपूरच्या घाटात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. संध्याकाळी लग्नाच्या मांडवामागे उभी राहून पदरात उरलंसुरलं गोळा करत होती. कादंबरीतला मुलगा ते खाऊन रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करत होता. आता, रस्त्यावरच्या दिव्याखाली अश्वजित बसायचा हे खरं; पण तिथे कॅरम चालायचा, आणि बाई त्याला कान धरून घरच्या ट्यूबलाइटखाली आणून बसवायच्या. पदरातल्या शिळ्या भाताचं वर्णन वाचताना त्यांना आठवलं की दुधावर साय दिसली तर हाच मुलगा पेला ढकलून द्यायचा.

प्रकरण संपलं तेव्हा विहारात रडारड चालली होती. सगळ्यांत पुढे बसलेल्या गीताबाई, वाडीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या, पदराने नाक पुसत म्हणाल्या, "कोन गो ही माऊली? आपल्याकडची हाय काय?"

ही माऊली म्हणजे समोर चष्मा लावून घडाघडा वाचणाऱ्या नीलाबाई, असा संशय एकीलाही आला नाही. यायचा कसा? वाडीतल्या निम्म्या बायकांना अक्षर गिरवायला बाईंनीच शिकवलं होतं.

"कादंबरी आहे ही, गीताबाई," नीलाबाई म्हणाल्या. "कादंबरीत लिहितात असं."

"आसं कसं लिवतील? मागं छापलंय ना, येक शबुद खोटा नाय म्हनून. सर कशाला खोटं लिवतील? तुमच्या हाताखाली वाडलेत ते!"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाईंनी पुस्तक मिटलं आणि बुद्धवंदनेच्या गाथा म्हणायला सुरुवात केली.

पण वाडीतली माणसं मूर्ख नव्हती. रात्रीत त्यांनी विचार केला, आणि विचार केला की जे होतं ते झालं. पुस्तक खरं आहे, कारण सर खोटं लिहिणार नाहीत. पुस्तकातली आई अडाणी आहे. नीलाबाई अडाणी नाहीत. म्हणजे नीलाबाई सरांची आई नाही. तर्कात कुठे खोट काढायला जागा नव्हती. शिवाय अश्वजित चार वर्षांचा असताना हे कुटुंब वाडीत राहायला आलं; त्याआधी ते पोलादपूरच्या डोंगरात, बाईंच्या पहिल्या शाळेच्या गावी असायचं. बाईंचं बाळंतपण बघितलेलं माणूस वाडीत एकही नव्हतं.

सकाळी गीताबाई आणखी दोघीतिघींना घेऊन दारात हजर. आल्या त्या सरळ पायाच पडल्या.

"बाई, मोठं मन तुमचं. सवतीचं पोर, पन कदी कुनाला कळू दिलं नाय."

"कसली सवत?" नीलाबाईंच्या हातातलं तांदळाचं सूप तसंच राहिलं.

"ती वो, खडी फोडनारी. साहेबांची." गीताबाईंनी भिंतीवरच्या अरविंदरावांच्या फोटोकडे बघून आवाज खाली आणला. "आता गेलेल्या मान्साला काय बोलायचं? पुरुषाची जात हाय."

भिंतीवरचे अरविंदराव, एसटीच्या डेपोतले निवृत्त लिपिक, बायकोला विचारल्याशिवाय कोपऱ्यावर चहासुद्धा न पिणारे, फोटोतून नेहमीसारखे कसनुसे हसत होते. जिवंतपणी त्यांच्याबद्दल कोणी वावगा शब्द काढला नव्हता. बायकांशी बोलताना ते चपलांकडे बघत. आणि आता, जाऊन सहा वर्षं झाल्यावर, त्यांच्या नावावर एक अख्खी बाई चढली होती. दुपारी चक्कीवर गेल्या तर दोन माणसं बोलताना बाईंनी कानांनी ऐकलं: "अरविंदभाऊ दिसायला गरीब हो!" दुसरा हसून म्हणाला, "घाटात बदली मागून घेतली होती म्हणे."

आपल्याला अडाणी ठरवलं ते बाईंनी कदाचित गिळलं असतं. आयांना काय काय गिळावं लागतं त्याचा हिशेब नसतो. पण अरविंद उठून उत्तर देऊ शकत नव्हता. त्याच्यावर कोणी हसावं, हे त्यांच्याने सहन होईना. त्यांनी दळण तिथेच ठेवलं आणि पुण्याला फोन लावला.

"आई, वाचलंस तू?" अश्वजितने पहिलं हे विचारलं. मग म्हणाला, "कसं वाटलं?"

"मी अडाणी केव्हा होते रे?"

"ते कलेतलं सत्य असतं, आई. तू ते शब्दशः घेऊ नकोस."

"मी नाही घेतलं. वाडीनं घेतलंय. तूच छापलंयस, एक शब्द काल्पनिक नाही म्हणून. छापून टाक आता, सगळं काल्पनिक आहे असं."

"अगं, बक्षीस स्वानुभवाच्या विभागात आहे!" तो कळवळला. "आणि मी काय करायला हवं होतं ते तरी सांग. मी पहिल्यांदा खरंच लिहिलं होतं. आई मुख्याध्यापिका, वडील डेपोत, मला गिअरची सायकल. प्रकाशक म्हणाला, सर, हेडबाईच्या मुलाची वेदना विकत कोण घेणार? बाकीच्या लेखकांकडे बघ. कुणाला काय काय सोसायला मिळालं! आणि मला? तू मला एक धड दुःख दिलं नाहीस, आई."

हे तो खरोखर तक्रारीच्या सुरात म्हणाला. लहानपणी सहलीला पाठवलं नाही तेव्हा म्हणायचा तसंच.

दुःख नव्हतं असं नव्हतं. पहिली शाळा पोलादपूरच्या डोंगरात. त्या गावाचं नाव बाई आजही घेत नाहीत. गावात त्यांना कोणी खोली दिली नाही. नवरा-बायको दोघं शाळेच्याच खोलीत, फळ्यामागे पडदा लावून राहिली. विहिरीवर हंडा घेऊन उभं राहायचं, कोणाच्या मनात आलं तर वरून पाणी ओतणार. आषाढात एका दुपारी ओढा चढला, गाडीरस्ता बंद झाला आणि बाईंना कळा सुरू झाल्या. अरविंद घरोघर जाऊन आला. दारं होती, माणसं होती. एक बाई आली नाही. शेवटी त्यानेच तीन दगडांवर पाणी तापवलं. पहिलीच्या मुलांच्या सतरंजीवर अश्वजित जन्माला आला, आणि डेपोतल्या त्या बुजऱ्या लिपिकाने नाळ कापली. पुढे त्याच गावातली मुलं बाईंना सोडत नसत, हा भाग वेगळा. पण त्या दिवशी दोघांनी ठरवलं की हे पोराच्या कानावर कधी जाऊ द्यायचं नाही. त्याला सांगितलं, तू महाडच्या दवाखान्यात झालास, पेढे वाटले. तो ते मानून मजेत वाढला. त्याने मजेत वाढावं, यासाठीच तर सगळी धडपड.

"आणि तुझ्या बाबांना लोक काय म्हणतायत माहीत आहे?" बाईंनी अखेर विचारलं, आणि सवतीची हकिगत सांगितली.

पलीकडून अश्वजित म्हणाला, "वा!"

"काय वा?"

"अगं, सुटला की प्रश्न! मला रविवारचीच काळजी होती. कादंबरीत आई शेवटी मरते, आणि संयोजक म्हणतायत तुमच्या घरच्यांना व्यासपीठावर बसवू. आता तू ये ना. जन्मदाती वेगळी, वाढवणारी वेगळी. पुस्तकही खरं, तूही खरी. कोणाला खोटं पडायला नको."

"आणि बाबा?"

"बाबा काय, ते आता… म्हणजे त्यांना काय फरक पडणार आहे?"

बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतात. इथे पोराने एका फटक्यात बापाला बदफैली केलं होतं आणि आईला दाई. नीलाबाईंनी शांतपणे विचारलं, "किती वाजता यायचं?"

रविवारी वाडीची माणसं टेम्पो करून महाडला गेली. सभागृह भरलेलं होतं. अध्यक्षांनी कादंबरी वाचलेली नव्हती, त्यामुळे त्यांना तासभर बोलता आलं. त्यांच्यानंतर हातमागाचा कुडता घातलेला अश्वजित उभा राहिला. त्याने खडी फोडणाऱ्या हातांवरचे घट्टे सांगितले, मांडवामागचा पदर सांगितला, आवाज बरोबर हव्या त्या ठिकाणी फाटला. पहिल्या रांगेतल्या दोन प्राध्यापिका रुमाल शोधू लागल्या.

"ती माऊली गेली," तो म्हणाला. "पण ज्यांनी त्या पोरक्या मुलाला हात दिला, त्या आज इथे आहेत. नीलाबाई."

'आई' तो म्हणाला नाही. उभ्या आयुष्यात त्याने त्यांना नावाने हाक मारली नव्हती, आणि ती हाक आता त्याच्या तोंडून कशी सहज आली, हे बघून बाईंच्या काळजात चर्र झालं. टाळ्या चालूच होत्या. शाल आली, नारळ आला, आणि कोणीतरी म्हणालं, "बाई, दोन शब्द."

अश्वजितने मान हलवून खुणावलं: नको. पण शिक्षकाच्या हातात माइक आला की तो परत घेणं सोपं नसतं.

"सर म्हणाले ते अगदी खरं आहे," नीलाबाई शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या. "मी यांची आई नव्हे."

अश्वजितचा चेहरा फुलला.

"पण वाडीत एक चुकीची बातमी पसरली आहे, ती दुरुस्त करायला हवी. ती खडी फोडणारी बाई माझ्या यजमानांनी जन्मात कधी पाहिलेली नव्हती. हा मुलगा आम्हाला वीर स्टेशनात सापडला. बाकाखाली, टॉवेलात गुंडाळलेला. आम्ही चौकशी केली, कोणी पुढे आलं नाही. आई कोण, बाप कोण, आजतागायत कळलेलं नाही. माझे यजमान म्हणाले, असू दे, आपण वाढवू. असा देवमाणूस होता तो. धन्यवाद."

बाई खाली बसल्या. गीताबाईंनी पहिला हुंदका दिला आणि मग टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. अश्वजित जन्मला त्या साली वीरला आगगाडीच आलेली नव्हती, स्टेशन तर लांबच, हे सभागृहात कोणाच्याही ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी स्वानुभवाला आडवं कोण जाणार? फक्त एका स्थानिक वार्ताहराने हात वर केला. "सर, तुम्ही जर स्टेशनात सापडलात, तर तुमच्या आई खडी फोडायच्या हे तुम्हाला कळलं कसं?"

अश्वजितने ओठांवरून जीभ फिरवली. "ते… आतून कळतं," तो म्हणाला. त्यालाही टाळ्या पडल्या.

टेम्पोत गीताबाई बाईंचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. "साहेबांना आमी उगाच बोललो गो बाई. म्या उद्या फोटोला हार घालतंय." अरविंदरावांचं नाव धुऊन निघालं होतं. बाईंना बरं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. फक्त 'नीलाबाई' ही हाक कानांतून जात नव्हती.

अश्वजित पाठोपाठ गाडीने घरी आला. बाईंनी त्याच्यासाठी खुर्ची पुढे केली.

"बसा, सर. चहा घेणार ना? साखर किती लागते तुम्हाला?"

"आई, पुरे आता."

"कोणाची आई, सर?"

"आई, तू भर सभेत असं का बोललीस? ते लोक आता दुसरा भाग मागतायत. वीर स्टेशन! मी काय लिहू?"

"तुम्ही म्हणाला होतात ना, धड दुःख मिळालं नाही म्हणून? आता आई नाही, बाप नाही. यापेक्षा जास्त माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं."

तो हसायला गेला. हसू आलं नाही. पलंगाच्या कडेला बसला, भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, स्वतःच्या हातांकडे बघितलं. चाळिशीला आलेला, दाढी पिकू लागलेला माणूस. त्याचा चेहरा हळूहळू सहलीला न पाठवलेल्या मुलासारखा झाला.

"पण ते खोटं होतं ना?" तो म्हणाला. "स्टेशनाचं? आई, खोटंच ना ते? वाडीत कोणीच… म्हणजे माझा जन्म बघितलेलं कोणीच नाही. महाडच्या कुठल्या दवाखान्यात, ते तू मला कधी सांगितलं नाहीस. मी कुठे जन्मलो, आई?"

आणि तो रडायला लागला. हे रडणं सभागृहातलं नव्हतं. यात नाक वाहत होतं, आवाज चिरकत होता. नीलाबाईंचा सगळा राग जागच्या जागी विरघळला. किती झालं तरी पोटचा गोळा. त्या त्याच्याजवळ बसल्या, डोक्यावर हात ठेवला. वाटलं, आता सांगावं. एवढा मोठा झालाय, बापाने काय केलं ते त्याला कळू दे. बाप कसला होता ते तरी कळेल.

"आषाढ होता," त्या म्हणाल्या. "ओढा चढला होता. तुझे बाबा दारोदार जाऊन…"

अश्वजित ऐकत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्याचा उजवा हात खिशात गेला होता. हात फोन घेऊन बाहेर आला. फोन दोघांच्या मध्ये पलंगावर ठेवला गेला आणि त्याच्यावर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लुकलुकायला लागला. त्याचं त्यालाही कळलं नसावं. तो अजून रडतच होता.

बाईंनी हात काढून घेतला.

"काय झालं?" मग त्याची नजर खाली गेली. "ओह. बंद करतो. हे बघ, केला बंद. आता सांग ना. दारोदार जाऊन काय?"

"नाही सांगणार."

"आई, मी शपथ घेतो, लिहिणार नाही."

"लिहिशील. तुझा इलाज नाही. तो हात तू बाहेर काढला नाहीस, आपला आपण आला." नीलाबाई त्याच्याकडे बघत होत्या. कपाळ अरविंदचं, हनुवटी त्यांची स्वतःची. "तू माझा आहेस. माझ्या पोटचा, तुझ्या बाबांचा. एवढं खरं आहे, ते घेऊन जा. बाकीचं तुझ्यापर्यंत पोचू नये म्हणून आम्ही दोघांनी जन्म काढला, अश्वजित. ते मी तुला छापायला देणार नाही."